अंगठा

केनेमाच्या जिल्हा आरोग्य कार्यालयात
पगारपत्रक एकोणतीस वर्षं माझ्या हातचं.
हिरव्या कापडाची वही, लाल शाईच्या रेघा,
महिनाअखेर खिडकीबाहेर रांग,
आणि प्रत्येकाची सही मला चेहऱ्याआधी ओळखू यायची.
फोदे न्यालेची शेवटच्या अक्षरापाशी दमायची.
मसाह तर सही करताना जीभ बाहेर काढायची.

मी सही शिकलो ती अंगठा द्यावा लागू नये म्हणून.
बाप कॉफीच्या मळ्यावरून
शाईत बुडालेला अंगठा पँटला पुसत घरी यायचा.
डाग महिनाभर.

आता फ्रीटाऊनहून गाडी आली, खोकी आली,
जनरेटर आला, लॅमिनेशन केलेलं परिपत्रक आलं:
नवी श्रेणी, नवी पायरी, दुर्गम भत्ता बंद.
भूत कर्मचारी शोधून काढायचेत.
सर्वांनी अंगठा द्यावा.

तीन दिवस रांग.
लोक मलाच विचारत होते, जणू मीच सरकार:
भत्ता गेला तर नदीपलीकडच्या दवाखान्यात
होडीचं भाडं कोण भरणार?
पायरी चुकली तर अर्ज कुणाकडे?
पलीकडच्या जिल्ह्यात म्हणे मास्तरांना
पाच महिने काही मिळालं नाही, खरं का?
मी म्हणायचो, बघू.
सरकारी नोकरीत एवढा एकच शब्द
मी अचूक शिकलो.

सुईण जेनेबा लहाई पुढे आली.
ब्लीचच्या पाण्यात बावीस वर्षं बुडवलेले हात,
केळीच्या कोवळ्या पानासारखे गुळगुळीत.
काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा.
पुसून ठेवला. लाल.
तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. लाल.
फ्रीटाऊनची मुलगी, ओनिके, वागायला चांगली,
हळूच म्हणाली, 'यंत्राला तुम्ही सापडत नाही, मावशी.'
जेनेबा हसली.
'तुझ्या यंत्राला सांग, या गावातली निम्मी डोकी
याच हातांत पहिल्यांदा रडलीत.
त्यातल्याच कुणाला तरी विचार मी आहे का.'
जनरेटरवाला पोरगा खाली बघू लागला.

आणि मी
पान एकशे चौदा कोपराने झाकून बसलो होतो.

एकशे चौदावर ब्रिमा सांडी, रुग्णवाहिकेचा चालक.
सहा वर्षांपूर्वी पुलावरून गाडीसकट गेला.
आतली बाई वाचली.
दर महिन्याला त्याची सही मी करतो.
पहिल्या अक्षराचं पोट तो मोठं काढायचा,
मीही मोठं काढतो.
पाकीट त्याच्या बायकोकडे जातं, पूर्ण.
खोटं कशाला सांगू, एकदा पोरीच्या फीसाठी
मी त्यातले घेतले, दोन महिन्यांनी परत ठेवले.
पेन्शनचा अर्ज तीनदा वर पाठवला होता.
वरचेही म्हणाले, बघू.

म्हणजे शोधायला आलेत ते बरोबरच आलेत.
भूत आहे. मीच पोसलंय.
धरलं मात्र जेनेबाला.

संध्याकाळी ओनिके म्हणाली, 'काका, तुमचा राहिला.'
काचेवर हरमॅटनची धूळ बसली होती,
मी बाहीने पुसली.
एकोणतीस वर्षं थुंकी लावून नोटा मोजलेला अंगठा.
हिरवा दिवा, पहिल्याच फटक्यात.
मला वाटलं होतं, निदान मला तरी
यंत्र अंगठा दाखवेल.

'आता वही,' ती म्हणाली, हात पुढे करून.
व्हरांड्यात जेनेबा अजून बसलेली,
मांडीवर दोन्ही हात उताणे.
मी वही दिली नाही. खुर्ची ओढली.
म्हटलं, बस.
आधी तिचं नाव लिहून घे, पेनाने, माझ्यासमोर.
मग पान एकशे चौदा
मीच उघडतो.